एक रॉड, एक रील आणि तीन जणांचे सल्ले

पत्र : लहानपणी बांबूची काठी, हातभर तंगूस आणि एक गळ एवढ्या भांडवलावर तळ्याकाठी बसायचो. चाळिशी उलटल्यावर पुन्हा तो नाद लावून घ्यावासा वाटतोय. पहिल्यांदाच स्वतःचा रॉड आणि रील विकत घेणार आहे. पैसे मोजकेच आहेत, म्हणून एकाच जोडीवर सगळं भागायला हवं. तळं, संथ नदी, धरणाचं पाणी; कधी गांडूळ, कधी पिठाची गोळी, कधी नकली आमिष. दुकानदार तेरा बेअरिंगचं रील गळ्यात मारतोय. ऑफिसातला मित्र म्हणतो, घ्यायचं तर बेटकास्टरच घे, बाकी सगळं पोराटकी. मेव्हणा म्हणतो, टेलिस्कोपिक घे, पिशवीत मावतो. माझी अकरा वर्षांची मुलगीही सोबत येणार म्हणते आहे. कुणाचं ऐकू?
— काठावरच थांबलेला

उत्तर :

प्रिय काठावरकर,

उत्तर आधी देतो, कारणं मागून. साडेसहा ते सात फुटांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड. त्यावर २५०० आकाराचं स्पिनिंग रील. रीलवर आठ पौंडी, म्हणजे आठ पौंडांच्या जोराला तुटणारा, साधा नायलॉनचा तंगूस. दुकानात एवढंच सांगून गप्प उभे राहिलात तरी चालेल. पण दुकानदार तुम्हाला गप्प राहू देणार नाही, म्हणून पुढचं वाचून जा.

‘एकाच जोडीवर सगळं’ हे जमतं, फक्त त्या ‘सगळं’मधून काय वगळायचं ते आधी ठरवावं लागतं. मी सांगितलेल्या जोडीने दोन ग्रॅमचं इवलंसं आमिष लांब फेकता येणार नाही. दहा किलोचा कॅटफिश बुडालेल्या झाडाच्या मुळांतून ओढून काढता येणार नाही. आणि फ्लाय फिशिंग तर नाहीच, तिथलं तंत्रच उलटं असतं. आमिषाला वजन नसतं, जाड जड दोरीच फेकायची असते आणि आमिष तिच्यामागून जातं. या तीन गोष्टींवर पाणी सोडलंत की गोड्या पाण्यातला उरलेला बहुतेक कारभार या जोडीत बसतो. तळाला ठेवलेलं गांडूळ, फ्लोटखाली टांगलेली गोळी, चमच्यासारखं धातूचं आमिष, छोटा क्रँकबेट म्हणजे नकली मासा, रबरी किडा, सगळं. मासा अर्ध्या किलोचा असो की तीन-चार किलोंचा. मोकळ्या पाण्यात याहून मोठाही निघतो. वेळ लागतो, मनगट भरून येतं, पण निघतो.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे येऊ.

मित्राचं बेटकास्टर हे उत्तम यंत्र आहे, पण तुमच्यासाठी नाही आणि तुमच्या बजेटसाठी तर मुळीच नाही. त्यात फेकताना स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली रिळी, स्वतः गरगर फिरतं. आमिषाचा वेग हवेत कमी होत जातो, स्पूल मात्र आपल्या वेगाने फिरतच राहतं, आणि बाहेर जायला जागा न मिळालेला तंगूस आतल्या आत घरट्यासारखा गुंततो. ते टाळायला अंगठ्याने स्पूल दाबत राहावं लागतं. ही सवय यायला वेळ लागतो. महाग बेटकास्टरचे ब्रेक बरंच सांभाळून घेतात. स्वस्तातले घेत नाहीत. शिवाय हलकं आमिष, म्हणजे साधारण सात ग्रॅमच्या आतलं, स्वस्त बेटकास्टरवरून फेकणं हा निव्वळ मनस्ताप. जड आमिष, जाड दोरी आणि वेलींनी भरलेलं पाणी असेल तिथे बेटकास्टर शोभतं. ते तुमचं तिसरं रील असू दे.

स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल जागचं हलत नाही. दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. फिरणारं काहीच नाही, त्यामुळे अति फिरण्याचा प्रश्नही नाही. ही युक्ती इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या कापड गिरणीवाल्याची. १९०५ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सुटताना रोज बघणाऱ्याला हे सुचावं यात नवल नाही. तेव्हापासून धातू बदलले, आकार बदलले, मूळ कल्पना तीच आहे. नवशिक्याचं आमिष पहिल्याच सकाळी वीस-पंचवीस मीटरवर जाऊन पडतं ते या एका गोष्टीमुळे.

मेव्हण्याची काळजी खरी आहे, तोडगा चुकीचा आहे. टेलिस्कोपिक रॉडमध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात, आणि दोरी ओवायच्या कड्या बहुतेक वेळा नळ्यांच्या टोकांनाच बसवलेल्या असतात. कड्या कुठे असाव्यात हे रॉडच्या वाकणीने ठरायला हवं; इथे ते नळीच्या लांबीने ठरतं. सांध्यांत वाळूचा कण गेला की नळी अडकते, जोर लावला की चीर जाते. प्रवासात पिशवीच्या कोपऱ्यात टाकून ठेवायला ठीक आहे, एकुलता एक रॉड म्हणून नाही. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड सुटा केला की साडेतीन फुटांचा होतो. बहुतेक गाड्यांत तो तिरका मावतो. बसने किंवा दुचाकीवरून जायचं असेल तर चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड बघा. जोड आला की हाताला माशाची चाहूल लागत नाही, असं जुने लोक म्हणतात. आजच्या जोडांमध्ये तो फरक तुमच्या-माझ्या हाताला कळण्याइतका राहिलेला नाही.

दुकानदाराच्या तेरा बेअरिंगकडे नंतर येतो. आधी रॉड हातात घ्या.

मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा. तिथे लांबी असते, ताकद असते, ॲक्शन असते, आणि दोन आकडे असतात : किती पौंडांची दोरी आणि किती ग्रॅमचं आमिष. लोक ताकद आणि ॲक्शन यांची हमखास गल्लत करतात. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा फक्त टोकाकडे वाकतो, मॉडरेट मधल्या भागापर्यंत, स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. तुम्हाला मीडियम ताकद आणि मॉडरेट-फास्ट ॲक्शन हवी. फास्टचं कौतुक फार होतं, कारण हलकासा टोचाही हाताला लगेच कळतो. पण तुम्ही पिठाची गोळी फेकणार आहात; अति कडक टोकाच्या झटक्याने गोळी गळावरून हवेतच सुटते, गळ एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. शिवाय मासा धडपडतो तेव्हा मऊ वाकणारा रॉड हिसके पोटात घेतो आणि गळ निसटत नाही.

यातली एक गोम लक्षात ठेवा. मीडियम म्हणजे नेमकं किती, याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंच माप नाही. एकाचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम-लाइटएवढा निघू शकतो. म्हणून शब्दापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवा. दोरी ६ ते १२ पौंड आणि आमिष ७ ते १८ ग्रॅमच्या आसपास लिहिलं असेल तर तो तुमचा. तुम्ही जाणार त्या पाण्यात किलोच्या आतलेच मासे असतील, तर एक पायरी खाली उतरून मीडियम-लाइट घ्या. त्यावर ४ ते १० पौंड आणि साधारण ३ ते १४ ग्रॅम असे आकडे दिसतील. छोटा मासा कडक रॉडवर ओढण्यात काही गंमत नाही.

लांबीचं थोडक्यात सांगतो. लांब रॉड दूर फेकतो, पण तेवढ्याच हिशेबाने मनगटावर भारही टाकतो. आखूड रॉड झुडपांखाली सोयीचा. काठावर उभं राहून करायच्या कामाला साडेसहा-सात फूट बरोबर मध्ये बसतात. डोक्यावर झाडं वाकलेली असतील तर साडेसहा.

आता रॉड कशाचा बनलाय ते. फायबरग्लास जड पण चिवट. कार्बन, ज्याला दुकानात ग्रॅफाइट म्हणतात, हलका आणि संवेदनशील, पण एकदा दगडावर आपटून टवका उडाला की पुढे कधीतरी ऐन वेळी तिथेच तुटतो. तुमच्या बजेटमध्ये दोन्हींचं मिश्रण मिळतं, आणि पहिल्या रॉडसाठी मला तेच आवडतं. रॉडवर ‘आयएम-सिक्स’, ‘आयएम-सेव्हन’ असं काही छापलं असेल तर भारावून जाऊ नका. ही मुळात एका कारखान्याच्या कार्बन धाग्याची नावं आहेत, रॉडच्या दर्जाची प्रतवारी नव्हे. त्या धाग्यापासून रॉड कसा बनवला, याबद्दल ती काहीच सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट जिवाची. कार्बनमधून वीज वाहते. पाण्याच्या काठाने विजेच्या तारा जात असतील तर तिथे रॉड उभा धरून चालायचं नाही, फेकायचं तर नाहीच. आकाशात गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून काठापासून दूर जायचं. मासे कितीही लागत असोत.

दुकानात रॉड जोडून बघा. कड्या एका रेषेत आणा आणि टोकाकडून एका डोळ्याने नजर टाका. एखादी कडी तिरकी बसलेली असेल तर दुसरा नग मागा. जोड घट्ट बसायला हवा, हलवल्यावर टकटक वाजता कामा नये. प्रत्येक कडीच्या आत सिरॅमिकची गुळगुळीत रिंग असते. कापसाचा बोळा तिच्यातून फिरवा. कापूस अडकला तर तिथे चीर आहे, आणि तीच चीर तुमची दोरी कापणार. कड्यांची संख्या साधारणपणे रॉडच्या फुटांइतकी किंवा एखादीने जास्त असावी. सात फुटांच्या रॉडला पाचच कड्या असतील तर रॉड वाकल्यावर दोरी दांड्याला घासते. मूठ कॉर्कची की फोमची, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. रॉडचं टोक चिमटीत धरून वाकवून मात्र बघू नका, दुकानदार कितीही करून दाखवो. नवे रॉड असेच मोडतात. खरं तर पाण्यावर रॉड क्वचित मोडतो. मोडतो तो गाडीच्या दारात, छताच्या पंख्यात किंवा जमिनीवर ठेवला असताना कुणाच्या तरी पायाखाली.

आता ते तेरा बेअरिंग.

बेअरिंगचा आकडा वाढवणं हे कारखान्यासाठी सगळ्यांत सोपं काम आहे. रील फिरवायच्या दांड्याच्या मुठीत दोन टाकली, इकडे एक, तिकडे एक, की खोक्यावर मोठा आकडा छापता येतो. चार-पाच चांगली बेअरिंग योग्य जागी असलेलं रील हलक्या दर्जाच्या तेरांपेक्षा गुळगुळीत चालतं आणि जास्त टिकतं. म्हणून खोकं बाजूला ठेवा आणि रील हातात घेऊन चार गोष्टी करा. दांडा अगदी सावकाश फिरवा, जलद नाही. जलद फिरवल्यावर सगळीच रीलं गुळगुळीत वाटतात. दांडा उलट दिशेला ढकला, तो जागच्या जागी थांबायला हवा, पाव फेरा मागे जाऊन नव्हे. तारेची कमान, म्हणजे बेल, उघडा-मिटा. खटका ठाम हवा. बेलच्या टोकाशी जी इवलीशी चकती असते, जिच्यावरून दोरी वळते, ती बोटाने फिरते का बघा. ती अडकली तर दोरी रोज एकाच जागी घासून कमजोर होणार.

पाचवी गोष्ट ड्रॅगची, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण रीलसाठी मोजलेल्या पैशांपैकी बहुतेक पैसे ड्रॅगचेच असायला हवेत. ड्रॅग म्हणजे स्पूलला लावलेला घर्षणाचा ब्रेक. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल सरकतं, दोरी जाते, पण तुटत नाही. बांबूच्या काठीला हे नव्हतं, म्हणून मोठा मासा लागला की तंगूस तरी तुटायचा किंवा आपण तरी पाण्यात उतरायचो. खोक्यावर ‘कमाल ड्रॅग आठ किलो’ असं छापलेलं असतं. तुमची आठ पौंडी दोरी तुटतेच मुळी साडेतीन किलोंच्या थोडं पुढे, मग आठ किलोंच्या ड्रॅगचं करायचं काय? ड्रॅग सुटतो कसा, याला महत्त्व आहे. रीलवर थोडी दोरी गुंडाळून घ्या, ड्रॅग मध्यम आवळा आणि दोरी हाताने हळूहळू ओढा. चांगला ड्रॅग जणू तेलावरून सरकावा तसा सुटतो. वाईट ड्रॅग आधी अडतो, मग हिसक्याने सुटतो, परत अडतो. त्या पहिल्या अडण्यातच मासे जातात. ड्रॅगचा खटका स्पूलच्या पुढे असलेली रीलं मी सुचवीन. मागे खटका असलेली सोयीची असतात, पण तेवढ्याच पैशांत पुढच्या ड्रॅगच्या चकत्या सहसा मोठ्या मिळतात आणि काम साधं राहतं.

आकाराचं एक सांगायला हवं. २५०० हा आकडा शिमानो आणि दायवा या कंपन्यांच्या रीलांवर साधारण एकाच मापाकडे बोट दाखवतो. पेनसारख्या काही कंपन्यांची मोजणी वेगळी आहे, तिथे तोच आकडा जास्त मोठ्या रीलवर असतो. काही जण २५ किंवा ३० असं लिहितात. तेव्हा आकड्यासोबत वजन बघा. पावकिलोच्या आसपास, पाचपन्नास ग्रॅम इकडेतिकडे, असं रील या रॉडवर शोभतं. रील बसवून, मुठीच्या पुढच्या भागाखाली एक बोट धरून रॉड तोला. तो बोटावर आडवा राहिला किंवा किंचितच टोकाकडे झुकला, तर दिवसभर हात दुखणार नाही. गिअर रेशो, म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग किती फेरे घेतो तो आकडा, ५ ते साडेपाचच्या दरम्यान असू द्या आणि तो विषय तिथेच सोडा.

पैसे कसे वाटायचे? मी रीलकडे थोडे जास्त झुकवीन. साधा रॉड बऱ्यापैकी मासे काढून देतो. साधा ड्रॅग देत नाही. रॉड-रीलचा तयार सेट मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. एकत्र घेतलेल्या वस्तू सुट्यापेक्षा स्वस्त पडतात आणि मापं जुळलेली असतात. मात्र कंपनीचा सगळ्यांत खालचा सेट सोडून त्याच्या वरचा घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा पुढे कुठल्याच पायरीत पडत नाही. रॉड, रील, डबा, शंभर गळ, पन्नास रबरी किडे आणि एक चाकू असा सगळा संसार एकाच खोक्यात देणाऱ्या सेटपासून लांब राहा. त्यातला संसार बरा असतो, रॉड आणि रील नसतं. वापरलेलं घ्यायलाही माझी ना नाही. वर सांगितलेल्या तपासण्या त्यालाही लागू, फक्त जुन्या रॉडच्या दांड्यावरून नखही फिरवा. टवका उडालेला असेल तर नखाला लागतो.

सेटबरोबर रीलवर आधीच भरलेली दोरी आली, तर ती काढून फेका. पाण्यात नाही, कचऱ्यात. पक्षी आणि कासवं तिच्यात अडकून मरतात. ती दोरी कारखान्यात आणि दुकानात किती काळ पडून होती हे तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या जागी नावाजलेल्या कंपनीचा आठ पौंडी नायलॉन भरा. दुकानात तुम्हाला ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांच्या विणलेल्या, दोरीचं नाव ऐकवलं जाईल. ती बारीक असते, मजबूत असते, ताणली जात नाही आणि दूरवरचा टोचा हातापर्यंत आणते. पण गुळगुळीत स्पूलवर ती घसरते, म्हणून खाली थोडा नायलॉन गुंडाळावा लागतो. तिची गाठ वेगळी शिकावी लागते. नवशिक्याच्या हातात तिचे गुंते सुटतही नाहीत, कापावेच लागतात. नायलॉन तुटण्याआधी चांगलाच ताणला जातो. हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. तुमच्यासाठी तो गुण आहे, कारण चुकीच्या वेळी दिलेला हिसका तो गिळून टाकतो. फ्लुरोकार्बनचा तंगूस नितळ पाण्यात कमी दिसतो हे खरं, पण तो ताठ असतो आणि छोट्या स्पूलवर उसळ्या मारतो. लागलाच तर पुढच्या हातभर तुकड्यापुरता वापरा.

दोरी भरण्यात बरेच जण चुकतात आणि दोष रीलला देतात. नव्या दोरीची गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, लेबल वर. दोरी मुठीजवळच्या मोठ्या कडीतून ओवा, मग बेल उघडी ठेवून स्पूलला बांधा, बेल मिटवा आणि दोरी बोटांच्या चिमटीत हलकी दाबून दहा-पंधरा फेरे गुंडाळा. मग दोरी सैल सोडा. ती पीळ पडून स्वतःभोवती वळायला लागली तर गुंडाळी उलटी करा आणि पुढे चला. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली आलात की थांबा. कमी भरलंत तर दोरी कडेला घासून आमिष जवळच पडतं. जास्त भरलंत तर पहिल्याच फेकीला वेटोळ्यांचा झुबका बाहेर येतो.

ड्रॅग लावायला सामान मोजायचा छोटा हुकाचा काटा पुरतो. दोरी सगळ्या कड्यांतून बाहेर काढा, टोक काट्याला बांधा, रॉड पंचेचाळीस अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोराला ड्रॅग सुटायला हवा. आठ पौंड म्हणजे ३.६ किलो, तेव्हा काटा ९०० ग्रॅम ते १.२ किलो दाखवेल तेव्हा. एवढं कमी का, असं वाटेल. कारण गाठ दोरीची ताकद कमी करते, कड्यांचं घर्षण जोर वाढवतं आणि मासा धक्के देतो, सरळ ओढत नाही. मासा दोरी घेऊन पळत असताना दांडा फिरवायचा नाही, हे स्वतःला बजावून ठेवा. रीलचा गिअर रेशो पाचाला एक असेल तर ड्रॅग सरकत असताना दांड्याचा प्रत्येक फेरा दोरीत पाच पीळ घालतो. अशा चारदोन लढायांनंतर दोरी निकामी. पळू द्या. थांबला की रॉड सावकाश वर घ्या, मग टोक खाली आणता आणता गुंडाळा. आणि फेकल्यानंतर बेल दांड्याच्या फेऱ्याने नाही, हाताने मिटवा. पीळ आणि गुंते निम्म्यावर येतील.

गाठींपैकी पालोमार शिका. नायलॉनलाही चालते, पुढे ब्रेडेडकडे वळलात तर तिलाही. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन जळतो. गळ दोन-तीन मापांचे, काही स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या), एक साधा फ्लोट, लांब तोंडाची पक्कड. वजनं शिशाची नसतील तर बरं. काठावर सांडलेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंसांवर ही वेळ आली म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टिनची किंवा टंगस्टनची वजनं मिळतात. ज्या पाण्यावर जाणार तिथे परवाना लागतो का आणि कुठल्या महिन्यांत मासेमारी बंद असते, हेही आधी विचारून ठेवा.

घरी आल्यावर रील नळाखाली जोरात धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर त्यातल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी ते अडणं-सुटणं सुरू होतं. बेलच्या चकतीला आणि दांड्याच्या सांध्याला अधूनमधून तेलाचा एक थेंब, बस्स. दोरी उन्हात ठेवू नका. वर्षातून एकदा बदलली की झालं.

राहिली तुमची मुलगी. तुमचाच रॉड आलटून पालटून वापरू, असा विचार असेल तर सोडून द्या. मासा तुमच्या पाळीला लागेल आणि दिवस खराब होईल. तिच्यासाठी साडेपाच फुटांच्या आसपासचा लाइट रॉड आणि १००० ते २००० आकाराचं स्पिनिंग रील घ्या. लहान मुलांना बटण दाबून फेकायचं बंद तोंडाचं रील देण्याची पद्धत आहे. ते रील घरोघरी पोचवणारी झेब्को ही अमेरिकन कंपनी मुळात तेलविहिरींसाठी बॉम्ब बनवायची, ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’. १९४९ मध्ये तिने पहिलं रील काढलं आणि नंतर बॉम्ब सोडून रीलंच बनवली. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते ठीक. पण अकराव्या वर्षी हाताला स्पिनिंग रील सहज जमतं, आणि बंद तोंडाच्या रीलमध्ये आत काय गुंतलंय ते दिसत नाही.

दांडा डावीकडे हवा की उजवीकडे, हे तिला ठरवू द्या. बहुतेक स्पिनिंग रीलांवर तो काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतो. सुरुवातीला तिच्या गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने चपटे करा. मासा थोडा जास्त सुटेल, पण गळ बोटात गेला तर दवाखाना टळेल. डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला टोपी दोघांनाही, मागे फेकलेला गळ कुणाकडे जाईल याचा नेम नसतो. पाण्यावर जाण्याआधी दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या मैदानात गळाशिवाय नुसतं वजन बांधून फेकायचा सराव करा, जमिनीवर एखादी बादली ठेवून. आणि ड्रॅग मोजताना काटा तिच्या हातात द्या. तुमचा ड्रॅग ती मोजेल, तिचा तुम्ही.